त्या रिपोर्टमधला पाचवा शब्द

मॅडम, माझं वय २९, राहते कराडला. लग्नाला तीन वर्षं झाली, या वेळी पहिल्यांदाच दिवस गेले होते. सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके दिसले. दहाव्या आठवड्यात पुन्हा गेलो तर ठोके नव्हते, वाढ आठ आठवड्यांवरच थांबलीय म्हणाले. दोन दिवसांनी पिशवी साफ केली. निघालेला भाग तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट आठवड्यानं आला. डॉक्टरांनी वाचून ‘काळजीचं काही नाही’ एवढंच सांगितलं. बाहेर रांग होती, मी काही विचारलं नाही. घरी येऊन एकेक शब्द मोबाइलवर शोधला: कोरिऑनिक व्हिलाय, हायड्रोपिक डीजनरेशन, डेसिड्युआ, एरियास-स्टेला. कुठे द्राक्षगर्भ निघाला, कुठे चक्क कॅन्सर. सासूबाई म्हणतात, पाचव्या आठवड्यात मी माहेरी पिकलेली पपई खाल्ली, त्यानं वार सडली. ‘डीजनरेशन’चा अर्थ तोच ना? शिवाय उलट्यांमुळे मला महिनाभर जेवण जात नव्हतं, त्यानं बाळाची उपासमार झाली का? आणि रिपोर्टमध्ये ‘फीटल पार्ट्स नॉट सीन’ लिहिलंय. बाळ दिसलंच नाही, तर मग त्या डबीत होतं काय? रिपोर्टचा फोटो सोबत पाठवतेय.
– एक वाचक

सगळ्यात आधी एक काम. पत्रात तुम्ही रक्तगट लिहिलेला नाही. तो निगेटिव्ह असेल आणि यजमानांचा पॉझिटिव्ह, तर ‘अँटी-डी’ नावाचं इंजेक्शन मिळालं होतं का हे फाइलमध्ये बघा. ते ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. राहून गेलं असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा, उशिरा दिलं तरी त्याचा उपयोग होऊ शकतो. माझं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

आता पपई. तुमच्याच पत्रातला हिशेब सासूबाईंपुढे मांडा. पपई खाल्ली पाचव्या आठवड्यात, ठोके दिसले सातव्यात, वाढ चालू राहिली आठव्यापर्यंत. पपईनं वार सडायची असती तर ती तीन आठवडे वाट बघत बसली नसती. कच्च्या पपईच्या चिकाबद्दल आपल्याकडे धास्ती आहे, ती अगदीच निराधार नाही. गरोदरपणी कच्ची पपई टाळलेली बरी. पण पिकलेल्या पपईच्या चार फोडींनी गर्भ जात नाही. अर्थात मी सांगितलं म्हणून त्या ऐकतील याची खात्री देत नाही. माझ्या सासूबाईंनी माझं ऐकलं नव्हतं, आणि मी तेव्हा पॅथॉलॉजीची एम.डी. होते.

रिपोर्टचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. तुम्ही शोधलेल्या चार शब्दांखेरीज त्यात पाचवा एक शब्द आहे, तो तुमच्या नजरेतून सुटलाय. त्याच्याकडे मी शेवटी येते.

एकतीस वर्षं मी असे कागद लिहिले. ते पेशंटच्या हातात पडतील, ती ते रात्री मोबाइल घेऊन वाचत बसेल, असं धरून एकही वाक्य लिहिलं नाही. ही आमच्या धंद्याची खोडच आहे. आम्ही लिहितो दुसऱ्या डॉक्टरसाठी, आणि त्याला दोनच गोष्टी हव्या असतात: गर्भ गर्भपिशवीतच होता ना, आणि हा द्राक्षगर्भ (वार बेबंद वाढून द्राक्षांसारखी फुगते तो बिघाड) तर नव्हता ना. तुमच्या रिपोर्टनं या दोन्हींची उत्तरं दिली आहेत आणि दोन्ही चांगली आहेत. ‘काळजीचं काही नाही’ म्हणजे ते. पण ‘का झालं’ हा तुमचा प्रश्न त्या कागदाला कुणी विचारलेलाच नव्हता.

कागद तयार कसा होतो ते थोडं सांगते, म्हणजे शब्दांचं भय कमी होईल. काढलेला भाग फॉर्मलिनच्या, म्हणजे तो टिकवून ठेवणाऱ्या द्रवाच्या, डबीतून लॅबमध्ये येतो. त्यातला थोडा पाण्यात सोडला की रक्ताच्या गुठळ्या तळाला बसतात आणि वारेचे तुकडे विहिरीतल्या शेवाळासारखे फुलून तरंगतात. सरावलेल्या डोळ्याला तिथेच निम्मं उत्तर मिळतं. मग निवडलेले तुकडे रात्रभर मशीनमध्ये ठेवून त्यांतलं पाणी काढतात आणि ते मेणात बसवतात. मेणाच्या त्या वडीला आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप काढायचे (आपला केस याच्या पंधरा-वीस पट जाड असतो), काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. पेशींची केंद्रकं जांभळी होतात, बाकीचं गुलाबी. तुमच्या रिपोर्टमधलं सगळं वर्णन या गुलाबी-जांभळ्या चित्राचं आहे, आणि ते चित्र ठोके थांबल्यानंतर दोन आठवड्यांनी काढलेलं आहे. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिला शब्द कोरिऑनिक व्हिलाय. वडाच्या पारंब्या डोळ्यांपुढे आणा. गर्भाच्या बाजूनं निघालेल्या, खाली लोंबणाऱ्या, फांद्या फुटलेल्या. काही अधांतरी हलत असतात, काही जमिनीत रुजतात. आठव्या आठवड्याची वार हुबेहूब अशी असते, फक्त या पारंब्यांची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढी. अधांतरी असणाऱ्या पारंब्या गर्भासाठी देवघेव करतात, रुजलेल्या पारंब्या वारेला गर्भपिशवीच्या अस्तराशी बांधून ठेवतात. पारंबी ही गर्भाची असते आणि जमीन तुमची. स्लाइडवर पारंब्या दिसल्या याचा अर्थ गर्भ खरोखर पिशवीत रुजला होता, नळीत अडकला नव्हता.

प्रत्येक पारंबीला या दिवसांत दोन थरांची साल असते. मला विचाराल तर माणसाच्या शरीरातली ही सगळ्यात अजब साल. बाहेरच्या थरात वेगवेगळ्या पेशीच नसतात. साबुदाण्याची खिचडी गिचका झाली की दाण्यांच्या कडा नाहीशा होतात आणि मधले पांढरे ठिपके तेवढे राहतात, तसं हे प्रकरण आहे. एकच सलग पातळ चादर, पेशींच्या भिंती कुठेच नाहीत, केंद्रकं मात्र असंख्य. नाव सिन्सिशिओट्रोफोब्लास्ट. आईच्या रक्ताला स्पर्श करायचा मान याच चादरीचा. चादरीला सांधा नाही, त्यामुळे आईच्या बाजूच्या पेशींना दोन पेशींमधून वाट काढत आत शिरता येत नाही. घरी तुम्ही पट्टीवर दोन रेघा बघितल्या असतील. त्या ज्या एचसीजी संप्रेरकामुळे उमटतात, ते ही चादरच बनवते.

चादरीतली केंद्रकं स्वतः विभागत नाहीत. मग चादर वाढते कशी? तिच्याखाली दुसरा थर असतो सुट्या, फिकट, नीटस पेशींचा. त्या विभागतात आणि त्यांतल्या काही वरच्या चादरीत विरघळून जातात. या विरघळण्यासाठी लागणारं एक प्रथिन, सिन्सिटिन, आपल्याला विषाणूकडून मिळालंय. काही कोटी वर्षांपूर्वी आपल्या वानरवर्गीय पूर्वजांच्या जनुकांत एक विषाणू घुसला आणि तिथेच राहिला. पेशीला चिकटून आत शिरायचं त्याचं हत्यार आता वार विणायच्या कामी येतं. २००० साली हे छापून आलं तेव्हा आम्ही चहाच्या वेळेत दुसरं काही बोललो नव्हतो.

खालच्या थरातल्या पेशींना जुन्या पुस्तकांत लँगहान्सच्या पेशी म्हणतात. थिओडोर लँगहान्स हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन पॅथॉलॉजिस्ट. आपल्याकडचा प्रत्येक पॅथॉलॉजिस्ट त्याचं नाव आठवड्यातून चारदा उच्चारतो, पण ते क्षयाच्या गाठीतल्या महापेशींसाठी. तोच हा माणूस.

आता तुम्हाला सगळ्यात जास्त टोचलेला शब्द, हायड्रोपिक डीजनरेशन. हायड्रोपिक म्हणजे पाणी धरून फुगलेलं. पारंबीचा गाभा सैल, जेलीसारखा असतो. त्यात बारीक केशवाहिन्या असतात आणि होफबाउअर नावाच्या, साफसफाई करणाऱ्या मोठ्या पेशी. गर्भाचं हृदय चालू असतं तोवर केशवाहिन्यांतून रक्त फिरतं आणि बाहेरून आत आलेलं पाणी गर्भाकडे जातं. हृदय थांबलं की फिरणं थांबतं. पण बाहेरची चादर लगेच मरत नाही. तिला पोसणारी बाजू तुमची, आणि तुम्ही तर ठणठणीत होतात. त्यामुळे ती आपलं काम चालूच ठेवते, पाणी आत ओढत राहते, आणि ते पुढे न्यायला कुणीच नसल्यामुळे पारंब्या फुगतात. म्हणजे डीजनरेशन हे ठोके थांबल्याचं कारण नाही, ठोके थांबल्याचा परिणाम आहे. दोन आठवड्यांनंतरचं चित्र, म्हटलं होतं ना. ठोके थांबल्यावरही तुमची मळमळ टिकली असेल, तर तीही याच चादरीमुळे. कित्येकींना या गोष्टीचा फार त्रास होतो, ‘मला काही कळलंच कसं नाही’ म्हणून. कळण्यासारखं काही नव्हतं.

द्राक्षगर्भातही पारंब्या फुगतात, म्हणून मोबाइलनं तुम्हाला तिकडे नेलं. पण तिथे साल बेबंद वाढते, पारंबीच्या चहूबाजूंनी. साध्या गर्भात ती वाढ एका टोकाला, रुजण्याच्या दिशेनं असते. पूर्ण द्राक्षगर्भात गुणसूत्रं सगळीच्या सगळी वडिलांकडची असतात, अर्धवट प्रकारात दोनाऐवजी तीन संच असतात. पूर्ण द्राक्षगर्भाची शंका असेल तर पी-५७ नावाचा वेगळा रंग देऊन खात्री करतात. तुमच्या रिपोर्टच्या शेवटी द्राक्षगर्भाची लक्षणं नाहीत असं स्पष्ट लिहिलंय. विषय मिटला.

डेसिड्युआ हा भाग सर्वस्वी तुमचा. गर्भपिशवीचं अस्तर दिवस राहिल्यावर जाड होतं आणि त्यातल्या बारक्या पेशी फुगून मोठ्या, गुलाबी, फरशीसारख्या शेजारी शेजारी बसतात. रुजलेल्या पारंब्यांच्या टोकांवरून गर्भाच्या पेशी सुट्या होऊन या फरशीत शिरतात आणि थेट तुमच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतात. परक्याच्या निम्म्या वाणाच्या पेशी अशा आत घुसतात आणि शरीर त्यांना हाकलत नाही, तो कसा, हा प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५३ साली विचारला होता. त्याची उत्तरं अजूनही तुकड्यातुकड्यानंच मिळताहेत.

याच पेशी सुरुवातीचे आठवडे तुमच्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाला बुचासारख्या बसतात. विचित्र वाटेल, पण पहिले दोन-अडीच महिने आईचं रक्त वारेत मोकळेपणी वाहतच नाही. तिथला ऑक्सिजनचा दाब आठव्या आठवड्याला पाऱ्याच्या साधारण २० मिलिमीटरएवढा असतो; बुचं सुटली की बाराव्या आठवड्यापर्यंत तो ६०च्या आसपास जातो. कमी ऑक्सिजन हीच तेव्हा गर्भाची गरज असते, अवयव घडत असताना जास्त ऑक्सिजन बाधतो. आणि त्या दिवसांतलं त्याचं अन्न? ते बरंचसं अस्तरातल्या ग्रंथींच्या स्रावातून येतं. आठव्या आठवड्याच्या गर्भाचं वजन ग्रॅमभर. तेवढ्याचं भागवायला तुमच्या अंगातला साठा पुरून उरतो. तुम्हाला जेवण जात नव्हतं याचे हाल तुमचे झाले, त्याचे नाहीत. उपासमारीचा विचार डोक्यातून काढून टाका.

एरियास-स्टेला हे कॅन्सरचं नाव नाही, माणसाचं आहे. हाविएर एरियास-स्टेला, पेरू देशातला पॅथॉलॉजिस्ट. दिवस राहिल्यावर या ग्रंथींच्या काही पेशी भल्यामोठ्या होतात, केंद्रकं गडद, वेडीवाकडी. नवख्याला वाटावं, कॅन्सरच. हा निव्वळ गरोदरपणाच्या संप्रेरकांचा परिणाम आहे हे त्यानं १९५४ साली दाखवून दिलं आणि कितीतरी बायकांच्या गर्भपिशव्या वाचवल्या असतील. (पुढे तो गृहस्थ देशाचा आरोग्यमंत्री झाला, परराष्ट्रमंत्रीही झाला. आमच्यातले बाकीचे फार तर सोसायटीचे सेक्रेटरी होतात.) रिपोर्टमध्ये हे नाव लिहायचं कारणच हे की पुढच्या कुणी ते बघून घाबरू नये. तुम्ही घाबरलात ते आमच्या लिहिण्याच्या पद्धतीमुळे.

मग झालं कशानं? पहिल्या तीन महिन्यांत थांबलेल्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिकांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. एखादं जास्त, एखादं कमी. ही चूक बीज तयार होताना किंवा पहिल्या एक-दोन विभागण्यांत होते, म्हणजे पट्टीवर दोन रेघा दिसायच्याही आधी. बोस्टनमध्ये आर्थर हर्टिग आणि जॉन रॉक या दोघा डॉक्टरांनी १९३८पासून पुढे बरीच वर्षं, इतर कारणांनी काढलेल्या गर्भपिशव्यांतून पहिल्या १७ दिवसांतले ३४ गर्भ शोधून काढले. वार सुरुवातीला कशी रुजते याचं आपलं बरंचसं ज्ञान त्या स्लाइडवरून आलंय. आजच्या नियमांत ते काम बसलं नसतं, त्या बायकांना किती सांगितलं होतं याबद्दल मला स्वतःला शंका आहे. पण त्या ३४ मधलेही काही गर्भ तेव्हाच बिघडलेले होते, इतक्या लवकर. तुमच्या बाबतीत गुणसूत्रांचंच कारण होतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, कारण साध्या स्लाइडवर गुणसूत्रं मोजता येत नाहीत. त्यासाठी वेगळी तपासणी लागते आणि पहिल्या खेपेला ती सहसा करत नाहीत. वारेचे काही दुर्मीळ आजार स्लाइडवर दिसतात आणि पुन्हा उद्भवू शकतात. पारंब्यांभोवती पांढऱ्या पेशींची गर्दी किंवा फायब्रिनचे (रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाचे) जाड थर असतील तर आम्ही ते ठळक लिहितो. तुमच्या रिपोर्टमध्ये तसं काहीही नाही.

पुढचं थोडक्यात. ताप, दुर्गंधी किंवा पॅड भराभर भिजतील इतकं रक्त जात असेल तर थांबू नका. महिन्याभरानंतरही घरची पट्टी दोन रेघा दाखवत असेल तर डॉक्टरांना सांगा, एखादी पारंबी आत राहिलेली असू शकते. थायरॉइड आणि साखर एकदा बघून घ्या, फॉलिक ॲसिड चालू ठेवा. पुन्हा प्रयत्न कधी करायचा हे पाळी सुरळीत आल्यावर तुम्ही दोघांनी डॉक्टरांशी बोलून ठरवा, घरातल्या बैठकीत नको. असं एकदा होणं फार सामान्य आहे, दिवस राहिल्याचं कळलेल्या सहा-सात जणींत एकीला होतं, आणि बहुतेकींचं पुढचं बाळंतपण सुखरूप होतं.

आता डबी. ‘फीटल पार्ट्स नॉट सीन’ याचा अर्थ बाळ नव्हतं असा नाही. आठ आठवड्यांच्या गर्भाची लांबी दीड सेंटीमीटरच्या आसपास. दोन आठवडे थांबलेला, त्यातून पिशवी साफ करताना तो अखंड हाती लागणं कठीण. शिवाय आम्ही सगळी डबी नव्हे, तिच्यातले निवडक तुकडे बघतो. पण तुमच्या रिपोर्टमध्ये तिसऱ्या ओळीत, व्हिलायच्या वर्णनात, लिहिलंय: ‘न्यूक्लिएटेड रेड सेल्स’. हा पाचवा शब्द. तुमच्या-माझ्या रक्तातल्या तांबड्या पेशींना केंद्रक नसतं. अगदी कोवळ्या गर्भाच्या तांबड्या पेशींना असतं, कारण त्या योक सॅकमध्ये, म्हणजे गर्भाला जोडलेल्या एका छोट्या पिशवीत, तयार होतात. सोनोग्राफीच्या कागदावर तुम्ही हे नाव वाचलं असेल. आणि त्या पेशी पारंब्यांच्या टोकापर्यंत पोचल्या म्हणजे हृदय त्यांना नाळेतून ढकलत होतं. स्क्रीनवर तुम्ही जे हृदय बघितलंत, त्यानंच. गुलाबी गाभ्यात, बारीकशा केशवाहिनीत, जांभळा ठिपका असलेल्या पाच-सहा गोल पेशी, एकामागे एक. डबीत काय होतं याचं खरं उत्तर हे आहे. थोडा भाग तुमचा होता, थोडा त्याचा, आणि त्याचं रक्तही होतं.

तुमचा ब्लॉक लॅबच्या कपाटात वर्षानुवर्षं राहतो. त्याचा नंबर रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात आहे. पुढे कधी दुसरं मत हवं असेल तर तो काढून मिळतो. आणि स्लाइड नुसती बघायची असेल, तर जाऊन विचारा. दुपारी तीननंतर जा, तेव्हा काम कमी असतं. माझ्याकडे अशा तिघी आल्या होत्या, तिघींनाही मी माझ्या खुर्चीत बसवून सूक्ष्मदर्शकातून दाखवलं होतं.